बोडीतील अर्धपंखी कीटक : ओळख आणि नोंद

पूर्व विदर्भात लहान तळ्याला बोडी म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत धानाच्या शेतीसाठी बांधलेले जुने मालगुजारी तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. कोहळी समाजाने ते बांधण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मोठ्या तलावांच्या आगेमागे, शेताशेतांतून, लहान बोड्या आहेत. आमच्या निवासी शाळेच्या कुंपणापलीकडे अशीच एक बोडी आहे. तिला तीन बाजूंनी मातीची पाळ आणि एका कोपऱ्यात सांडवा आहे. काठाला बेशरमाची झुडपे माजली आहेत, मध्यभागी कमळाची पाने आणि उथळ पाण्यात हायड्रिलाच्या वेली दिसतात. शाळेत आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या आठवड्यात या बोडीकडे जाऊ पाहतो आणि पहिल्या आठवड्यातच त्याला तिकडे एकटे जाण्यास मनाई केली जाते. या ओढीचा उपयोग करून घ्यावा, म्हणून आम्ही शिक्षकांनी काही वर्षांपूर्वी पाण्यातील कीटकांची एक वही सुरू केली. प्रस्तुत लेख त्या वहीच्या आधारे लिहिला आहे, आणि पुढे ती ज्यांच्या हाती जाईल त्या विद्यार्थ्यांना उद्देशून आहे.

तळ्याच्या अभ्यासाला आमच्या शाळेत आणखी एक संदर्भ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे येथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. सार्वजनिक पाण्यावर आपला हक्क आहे हे ज्याला कळते, त्याला त्या पाण्यात कोण राहते हेही कळावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

पाण्यात दिसणारा प्रत्येक किडा या लेखाचा विषय नाही. आम्ही एकच गण निवडला आहे. हेमिप्टेरा म्हणजे अर्धपंखी कीटकांचा हा गण. घरातला ढेकूण, भाताच्या लोंबीतील दूध शोषणारा हिरवट किडा आणि पाण्यावर धावणारी पाणनिवळी हे सर्व एकाच गणातले आहेत, हे ऐकून विद्यार्थी हसतात. या सर्वांना जोडणारी खूण तोंडात आहे. त्यांना चावण्याचे जबडे नसतात. डोक्याच्या खालून निघणारी, छातीकडे दुमडलेली एक सोंड असते. ती भक्ष्यात किंवा झाडाच्या रसात खुपसून ते शोषतात. पाण्यातले बहुतेक अर्धपंखी शिकारी आहेत. ते सोंडेतून पाचक लाळ भक्ष्याच्या शरीरात सोडतात आणि आतला विरघळलेला भाग ओढून घेतात. म्हणूनच वहीत कित्येकदा आढळणारी बेडकाच्या पिल्लाची रिकामी, पांढरी पडलेली कातडी ही मोठ्या पाणढेकणाच्या जेवणाची उष्टी पत्रावळ असते.

पहिल्या वर्षीची आमची वही आज वाचवत नाही. तिच्यातील जवळजवळ निम्मे ‘ढेकूण’ प्रत्यक्षात भुंगेरे होते. ही चूक सर्वांचीच होते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पाणभुंगेऱ्याची पाठ कठीण व चकचकीत असते आणि तिच्यावरील दोन झाकणे मध्यभागी एका सरळ रेषेत भेटतात, जणू कपाटाची दोन दारे. अर्धपंखी कीटकाचे पुढचे पंख एकमेकांवर चढलेले असतात. पंखाचा बुडाकडचा भाग चामड्यासारखा आणि टोकाकडचा पातळ पडद्यासारखा असतो; अर्धपंखी हे नाव त्यावरूनच आले. दोन्ही खांद्यांच्या मध्ये बहुधा एक स्पष्ट त्रिकोण दिसतो. एवढे पाहूनही शंका उरली, तर किडा पांढऱ्या थाळीत उलटा करून भिंगातून तोंड पाहावे. सोंड दिसली की प्रश्न मिटला. पाण्यावर भिंगरीसारखे गोल गोल फिरणारे काळे चमकदार किडे पाणनिवळीच्या शेजारीच दिसतात, पण ते भुंगेरे आहेत. त्यांना आमच्या वहीत जागा नाही.

गण ठरल्यावर दुसरी पायरी मिशांची आहे. मिशा डोक्यापुढे लांब व स्पष्ट दिसत असतील, तर तो पाण्याच्या पृष्ठभागावर राहणारा कीटक समजावा. मिशा मुळीच दिसत नसतील, तर तो पाण्याखाली राहणारा समजावा. पाण्याखालच्या कीटकांनाही मिशा असतात, पण त्या आखूड असून डोळ्यांच्या खालच्या खाचेत लपलेल्या असतात. काठावरच्या ओल्या मातीत राहणारी एक-दोन कुले या नियमाला थोडी अपवाद आहेत. बोडीतल्या बहुसंख्य कीटकांना मात्र तो लागू पडतो, आणि सहावीतल्या मुलालाही तो एका सकाळीत आत्मसात होतो.

पृष्ठभागावरच्या मंडळींत पाणनिवळी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या कुलाला गेरिडी म्हणतात आणि आमच्याकडे लिम्नोगोनस वंशातील जाती नेहमी दिसतात. तिचे पुढचे दोन पाय आखूड असून भक्ष्य धरण्यासाठी असतात. मधले दोन पाय वल्ह्यासारखे चालतात आणि मागचे दोन दिशा देतात. पायांवर पाणी न धरणारे अतिसूक्ष्म केस दाट असल्यामुळे पाय पाण्यात शिरत नाहीत. पाण्याचा पृष्ठभाग त्यांच्याखाली ताणलेल्या कापडासारखा दबतो. ती पुढे कशी सरकते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ सतावत होता. ती लाटा मागे ढकलून पुढे जाते असा समज होता, परंतु नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले लाट उठण्याइतक्या वेगाने पाय हलवूच शकत नाहीत, आणि तरीही ती धावतात. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी रंगीत पाण्याच्या साहाय्याने दाखवून दिले की तिच्या पायांच्या फटक्याने पृष्ठभागाखाली लहान भोवरे तयार होऊन मागे जातात आणि त्यांच्या प्रतिक्रियेने ती पुढे जाते.

पाण्यात साबण मिसळला की पृष्ठताण घटतो आणि पाणनिवळीच्या पायाखालचा आधार जातो. हा प्रयोग जिवंत पाणनिवळीवर करून दाखवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. आम्ही तो वाटीतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या शिवणाच्या सुईवर करतो. साबणाचा एक थेंब पडताच सुई बुडते आणि मुलांना जे समजायचे ते समजते.

पाणनिवळीहून फार लहान, दोन-तीन मिलिमीटरच्या मायक्रोव्हेलिया काठालगतच्या सावलीत थव्याने असतात. नवीन मुले त्यांना पाणनिवळीची पिल्ले समजून मोजतात. पाणवनस्पतींच्या पानांवरून फिरणारी हिरवट मेसोव्हेलिया नीट पाहिल्याशिवाय सापडत नाही. आमच्या विद्यार्थ्यांचा लाडका मात्र हायड्रोमेट्रा आहे. सुमारे एक सेंटिमीटर लांब आणि शिवणदोऱ्याइतके बारीक शरीर, अतिशय लांब डोके, आणि त्या डोक्याच्या मध्यावर कुठेतरी बसवलेले डोळे. तो पाण्यावर एकेक पाऊल तोलून टाकत चालतो. नावाचा अर्थ पाणी मोजणारा असा आहे हे सांगितल्यावर मुलांनी त्याचे नाव ‘मोजणीदार’ ठेवले. तलाठ्याबरोबर शेतात येणारा मोजणीदार त्यांनी पाहिलेला असतो. त्याची चाल अशीच सावकाश असते म्हणे.

आता पाण्याखाली उतरू. थाळीत पाणी ओतताच जे किडे पाठीवर पडून पोहताना दिसतात त्यांना आम्ही ‘उताणे’ म्हणतो. ते नोटोनेक्टिडी कुलातले असून आमच्याकडे बहुतांश अॅनिसॉप्स वंशातील, पाच ते दहा मिलिमीटरचे असतात. त्यांचे पोट वर आणि पाठ खाली असते, म्हणून त्यांचा रंगही उलटा असतो: पोट गडद आणि पाठ फिकट. वरून पाहणाऱ्या बगळ्याला गडद पोट तळाच्या अंधारात मिसळून गेलेले दिसते. ते पोटाच्या केसांत हवा धरून ठेवतात. ती चांदीसारखी चमकते. हा हवेचा थर साठवणीबरोबर कल्ल्याचेही काम करतो. किड्याने त्यातील प्राणवायू वापरला की पाण्यात विरघळलेला प्राणवायू आत झिरपतो. मात्र नायट्रोजन हळूहळू बाहेर निसटत असल्याने बुडबुडा लहान होत जातो आणि किड्याला पुन्हा वर यावे लागते. अॅनिसॉप्सची आणखी एक विशेषता आहे. त्याच्या शरीरात हिमोग्लोबिन असलेल्या पेशी आहेत. त्यांतला प्राणवायू जरूरीप्रमाणे हवेत सोडून तो बराच वेळ न बुडता, न तरंगता पाण्याच्या मधल्या थरात स्थिर राहू शकतो. कीटकांमध्ये हिमोग्लोबिन विरळाच आढळते.

उताण्यासारखाच दिसणारा, पण सरळ पोहणारा, सपाट पाठीचा किडा म्हणजे कोरिक्सिडी आणि त्याचे निकटचे आप्त. आमच्याकडे दोन-तीन मिलिमीटरचा मायक्रोनेक्टा विपुल आहे. त्याची सोंड आखूड व रुंद, आणि पुढचे पाय चमच्यासारखे असतात. तळाच्या गाळातील शेवाळ व सूक्ष्म जीव तो त्यांनी गोळा करतो. त्याचे नर आवाज काढतात. युरोपातील याच वंशाच्या एका जातीविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की शरीराच्या आकाराच्या मानाने तिचा आवाज प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठ्या आवाजांपैकी आहे. आमच्या बोडीतले नर गातात की नाही, ते काठावरून आम्हाला अद्याप ऐकू आलेले नाही.

पाणविंचू म्हणजे लॅकोट्रेफीस. चपटा, मातकट, कुजलेल्या पानासारखा. पुढचे दोन पाय विंचवाच्या नांग्यांसारखे, आणि मागे एक लांब शेपटी. या शेपटीला सर्वजण नांगी समजतात व घाबरतात. प्रत्यक्षात ती दोन अर्धनळ्या जुळून झालेली श्वसननलिका आहे. तिचे टोक पाण्याबाहेर काढून तो गाळात तासन्‌तास दबा धरून बसतो. त्याचाच लांबट भाऊ रानाट्रा. मुलांच्या भाषेत ‘काडीकिडा’. तो वाळलेल्या गवताच्या काडीसारखा दिसतो, आणि थाळीत त्याने पाय हलवेपर्यंत तो दिसत नाही. आमच्या अनुभवात जाळीतला कचरा पाच मिनिटे तसाच ठेवून पाहिला, तर काडीकिडे सापडण्याची शक्यता दुपटीने वाढते. घाईने कचरा फेकून देणारा विद्यार्थी वहीत ‘रानाट्रा नाही’ असे लिहितो आणि ती नोंद खोटी ठरते.

नॉकोरिडी कुलातील चपटे, जाड मांड्यांचे किडे, आणि प्लिइडी कुलातील दोन मिलिमीटरचे, फुगीर पाठीचे, वाटाण्याच्या डाळीसारखे दिसणारे किडेही बोडीत आहेत. त्यांच्याविषयी फार लिहीत नाही. वहीत त्यांची चित्रे आहेत.

बेलोस्टोमॅटिडी कुलावर मात्र थांबले पाहिजे. आम्ही यांना पाणढेकूण म्हणतो. त्यांतला सर्वांत मोठा लेथोसेरस इंडिकस सहा ते आठ सेंटिमीटर लांब असतो आणि लहान मासे व बेडूकही धरतो. पावसाळ्याच्या रात्री तो दिव्याकडे उडत येतो. वसतिगृहाच्या ओसरीत सकाळी मेलेला सापडतो. थायलंडमध्ये याला ‘मेंग दा’ म्हणतात आणि त्याची चटणी करतात. आपल्या मणिपूर-नागालँडकडेही तो खाल्ला जातो. नेहमी सापडणारे पाणढेकूण मात्र डिप्लोनायकस वंशातील, दीड ते अडीच सेंटिमीटरचे, तपकिरी व अंडाकार असतात. डिप्लोनायकस रस्टिकस आणि डिप्लोनायकस अॅन्युलॅटस या दोन जाती भारतात सर्वत्र परिचित आहेत; दुसरी आकाराने मोठी असते.

पावसाळ्यात यांतल्या काहींच्या पाठीवर अंडी दिसतात. दाटीने, उभी रचलेली, मधाच्या पोळ्यासारखी. पहिली दोन वर्षे आमच्या वहीत अशी प्रत्येक नोंद ‘मादी, पाठीवर अंडी’ अशी आहे. कोणी प्रश्न विचारला नाही, कारण अंडी सांभाळणारी आईच असणार हे आम्ही गृहीत धरले होते. पूर्वीचे निसर्गअभ्यासकही याच समजुतीत होते. १८९९ साली फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर या अमेरिकी संशोधिकेने तेथील एका वंशातील अंडी वाहणारे कीटक तपासून ते नर असल्याचे दाखवले. मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि निघून जाते. नर ती घेऊन पृष्ठभागाजवळ राहतो, त्यांना हवा मिळू देतो, पाय हलवून त्यांच्यावरून पाणी फिरवतो. अंडी पंखांवरच चिकटलेली असल्याने त्या काळात त्याला उडता येत नाही. पिल्ले निघाल्यावर रिकामे पोळे गळून पडते. पाठीवरून काढून पाण्यात ठेवलेली अंडी सहसा जगत नाहीत. म्हणून आमचा नियम आहे: अंडी असलेला किडा थाळीत मोजायचा, फोटो घ्यायचा आणि तत्काळ सोडायचा, अंड्यांना नख लावायचे नाही.

हे कळल्यावर वहीतील जुन्या नोंदी दुरुस्त कराव्यात का, यावर वर्गात वाद झाला. काही मुलांनी ‘मादी’ हा शब्द खोडून ‘नर’ लिहायला सुरुवातही केली होती. आम्ही ते थांबवले. जुना शब्द वाचता येईल असा ठेवून, समासात तारीख घालून दुरुस्ती लिहिली. आपण काय पाहिले आणि काय गृहीत धरले, यांतला फरक पुढच्या वाचकाला दिसला पाहिजे. त्या दिवशी मोठ्या पाणढेकणाच्या घराचीही माहिती निघाली. लेथोसेरसची मादी पाण्याबाहेर आलेल्या देठावर अंडी घालते आणि नर पाण्यातून पुन्हापुन्हा वर चढून ती ओली ठेवतो. दुपारच्या सुट्टीत एका मुलीने विचारले, ‘सर, मग त्यांच्याकडे आईला काय काम असते?’ आम्ही सांगितले, ती पुढची अंडी तयार करण्यासाठी शिकार करत असते. उत्तर बरोबर होते, पण तिचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

आता ज्या प्रश्नाने आमची कार्यपद्धती बदलली त्याकडे येतो. सुरुवातीला आम्ही अन्य ठिकाणांप्रमाणेच स्पिरिटच्या बाटल्या भरत होतो. प्रयोगशाळेत एक फळी अशा बाटल्यांनी भरली. एके दिवशी सायंवंदनेनंतर आठवीतील एका मुलाने विचारले की रोज सकाळी व संध्याकाळी आपण प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे शील ग्रहण करतो, मग रविवारी सकाळी आपण काय करतो. आमच्यापैकी एकाने विज्ञानासाठी ते आवश्यक असल्याचे उत्तर दिले. मुलगा गप्प बसला, पण आम्हालाच ते उत्तर पुरेसे वाटले नाही.

विहारातील भन्तेजींसमवेत या प्रश्नावर दोन-तीन वेळा चर्चा झाली. अट्ठकथांमध्ये प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत: प्राणी असणे, तो प्राणी आहे हे जाणणे, मारण्याची इच्छा, तसा प्रयत्न आणि त्यामुळे घडलेला मृत्यू. जाळीत चुकून दबलेला किडा आणि जाणूनबुजून स्पिरिटमध्ये टाकलेला किडा यांत या दृष्टीने भेद आहे. त्याच चर्चेत भन्तेजींनी भिक्खूच्या अष्टपरिष्कारांतील परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे साधन, याची आठवण करून दिली. विनयात पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असून ते पाणी वापरणे किंवा ते गवतावर, मातीवर ओतणे हा दोष मानला आहे. वर्षावासाचा नियमही असाच: पावसाळ्यात कोवळे गवत आणि लहान जीव पायदळी तुडवले जातात, म्हणून भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी पाण्यातील बारीक जीव दिसत होते, त्यांची दखल घेतली जात होती, ही गोष्ट मुलांच्या मनात फार ठसली. आमच्या हातातली गाळणीही तेच साधन आहे. आम्ही ती पाहण्यासाठी वापरतो, एवढेच.

तेव्हापासून आम्ही किडे मारत नाही. याची किंमत आहे आणि ती लपवू नये. मायक्रोनेक्टा किंवा अॅनिसॉप्सच्या जाती नराच्या सूक्ष्म अवयवांवरून, सूक्ष्मदर्शकाखालीच वेगळ्या करता येतात. जिवंत किड्याच्या फोटोवरून ते होत नाही. म्हणून आमच्या वहीत पुष्कळ नोंदी वंशापर्यंत येऊन थांबतात. ‘अॅनिसॉप्स, जाती अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही; पुस्तकातील पहिले चित्र पाहून जातीचे नाव ठोकून देणे हा मात्र अपराध आहे. याचबरोबर, ज्यांनी नमुने गोळा केले त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत डब्ल्यू. एल. डिस्टंट यांनी १९०२ ते १९१८ या काळात अर्धपंखी व त्यांच्या आप्तांवर सात खंड लिहिले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून हेच काम करत आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. आम्ही जी नावे लिहितो ती त्या मृत नमुन्यांमुळेच लिहू शकतो. हे ऋण मान्य करून आम्ही आमच्यापुरता निर्णय घेतला आहे. काही सहकाऱ्यांना तो आजही पटलेला नाही आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही.

नमुन्यांची उणीव दोन मार्गांनी थोडी भरून निघते. दिव्याखाली मेलेले कीटक आम्ही सकाळी झाडलोट होण्यापूर्वी उचलतो आणि तारखेच्या चिठ्ठीसह कागदी पुडीत ठेवतो. दुसरा मार्ग कातीचा आहे. अर्धपंखी कीटकांत अळी व कोष या अवस्था नसतात; पिल्लू मोठ्यासारखेच दिसते आणि बहुधा पाच वेळा कात टाकून प्रौढ होते. टाकलेली कात पाण्यावर तरंगते. तिच्यात पाय, सोंड, डोळ्यांचा आकार, सर्व काही साच्यासारखे राहते. काडीकिड्याची संपूर्ण कात आमच्या संग्रहात आहे.

नोंद घेण्याची रीत साधी आहे, पण ती दरवेळी तीच असली पाहिजे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, एका रविवाराआड सकाळी आठ वाजता आम्ही जातो. मच्छरदाणीचे कापड लावलेली एकच जाळी, तीन ठरलेल्या जागा, प्रत्येक जागी दहा वेळा फिरवणे. पृष्ठभागावरचे कीटक जाळीच्या चाहुलीनेच पळतात, म्हणून ते आधी काठावरून मोजायचे; त्यासाठी एक मीटर बाजूची बांबूची चौकट पाण्यावर तरंगत ठेवतो आणि तिच्या आतलेच मोजतो. वहीत दिनांक, वेळ, आकाश, पाण्याची काठीने मोजलेली खोली, काठावरील वनस्पती, कीटकाचे नाव व संख्या, आणि पाहणाऱ्याचे नाव. काहीच सापडले नाही तर ‘शून्य’ लिहायचे; रकाना कोरा सोडायचा नाही, कारण कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही असा अर्थ होतो.

काही गोष्टी अनुभवाने शिकलो. एकाच थाळीत सर्व किडे ठेवू नयेत. एकदा आमची मोजणी अर्ध्यावर असताना पाणढेकणाने चार उताणे संपवले आणि त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की याला कोणी शील दिले नाही का. पाणढेकूण व उताणे यांना उघड्या हाताने धरू नये. दंश विंचवासारखा झोंबतो. थाळी सावलीत ठेवावी. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये, कोणीही गुडघ्यापलीकडे जाऊ नये, आणि दोन शिक्षक असल्याशिवाय जाळी बाहेर काढू नये. पाणदिवड दिसली तर वाट द्यावी. ती बिनविषारी आहे.

या नोंदींवरून पाणी शुद्ध की अशुद्ध हे ठरवता येईल का, असे पालक विचारतात. केवळ यांवरून नाही. हे कीटक बहुतांश वरच्या हवेवर श्वास घेतात, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ते तग धरतात. जलकीटकांच्या साहाय्याने पाण्याची प्रत ठरवण्याची जी पद्धत ब्रिटनमध्ये रूढ झाली, तिच्यात संवेदनशील कुलांना दहा गुण असून पाणढेकणांच्या आप्तांना मधले पाच आहेत. डासांच्या अळ्या मात्र उताणे आणि पाणढेकूण मोठ्या प्रमाणात खातात. बोडी बुजवा म्हणजे डास जातील, असे म्हणणाऱ्यांना आम्ही थाळीतील दृश्य दाखवतो.

वहीचा खरा उपयोग आम्हाला एका अप्रिय प्रसंगी कळला. एका उन्हाळ्यात बोडीचे खोलीकरण झाले. काम गरजेचे होते. पाणी आता मार्चऐवजी मेपर्यंत टिकते, आणि शेतकऱ्यांना त्याचे मोल आम्ही शिकवायला नको. पण यंत्राने चारही बाजू उभ्या कापल्या. उतरता, उथळ, गवताचा काठ गेला. त्यापूर्वीच्या वर्षांत काडीकिडा आणि मोजणीदार जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत त्यांच्या रकान्यात ओळीने शून्ये आहेत. उताणे मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना अधिक. काडीकिडा वनस्पतींच्या देठांत अंडी घालतो आणि त्यांनाच धरून दबा धरतो, तेव्हा काठ गेल्याने तो गेला असे म्हणणे सयुक्तिक आहे. तथापि त्यांतला एक पावसाळा कमी पावसाचाही होता. एका बोडीच्या वहीवरून कारण सिद्ध झाले असे आम्ही म्हणत नाही. जपानमध्ये तेथील मोठा पाणढेकूण भातखाचरे व तळी बदलत गेल्याने दुर्मिळ झाला आहे, हे मात्र सर्वज्ञात आहे.

गाळ काढण्याचे काम पुन्हा निघाले, तेव्हा दोन विद्यार्थी वही घेऊन ग्रामसभेत गेले. किड्यांसाठी काठ राखा, या मागणीवर हशा झाला. मग एका वृद्ध ढिवर बांधवांनी उठून सांगितले की उथळ काठ गेल्यापासून माशांच्या पिल्लांनाही आडोसा उरला नाही. तेव्हा चर्चा गंभीर झाली आणि उत्तरेची बाजू उतरती ठेवण्याचे ठरले. प्रत्यक्षात यंत्रचालकाने तीही अर्धी कापली. उरलेल्या अर्ध्या भागात, सांडव्याच्या कोपऱ्याजवळ, पुढच्या श्रावणात एक काडीकिडा सापडला. ज्या मुलीने तो पाहिला तिने नोंद तीन वेगवेगळ्या शाईंनी अधोरेखित केली आहे. ते नियमात बसत नाही, पण आम्ही काही बोललो नाही. मोजणीदाराच्या रकान्यात अजून शून्यच आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्नचिन्हे लिहिण्याची जागा आहे. सध्या तेथे तीन नोंदी आहेत. पहिली, प्लिइडी कुलातील किड्यांत दोन वेगळे आकार दिसतात; त्या दोन जाती की एकाच जातीचे प्रौढ व पिल्लू? दुसरी, पाणनिवळ्यांत काही पंखवाल्या आणि काही बिनपंखी असतात; आमच्या बोडीत बिनपंखी कोणत्या महिन्यात वाढतात? तिसरी नोंद गेल्या आश्विनातली आहे: पाळीच्या ओल्या मातीवर, बेडकासारखे फुगीर डोळे, मातीचाच रंग, जवळ जाताच उडी मारली, एक मिनिटात दिसेनासा झाला, फोटो नाही. पाहणाऱ्या दोघांची नावे खाली आहेत. दोघेही यंदा दहावी होऊन गेले.